पाण्यात उतरण्याआधी एक वही घ्या

गेल्या एप्रिलमध्ये दिव्यांग मुलांची पोहण्याची सकाळची बॅच संपवून मी पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचे पट्टे आवळत बसलो होतो. तेवढ्यात एक ताई नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाची डावी बाजू आखडलेली, टाच जमिनीला टेकत नव्हती. "दादा, डॉक्टर म्हणाले पाण्यातला व्यायाम चांगला. शिकवाल का?" मी हो म्हटलं. मुलगा पाणी बघायला कठड्याकडे गेला तसा त्यांनी आवाज खाली आणला. "आणि ह्यात पुढं काही होतं का हो? स्पर्धा, नोकरी असं?"

होतं. पण रस्ता लांब आहे आणि सुरुवातीची दोन-तीन वळणं चुकली की चार-चार वर्षं वाया जातात. माझी गेली. त्या ताईंना उभ्याउभ्या जेवढं सांगता आलं नाही, ते इथे लिहितो आहे.

मी नाशिकच्या पंचवटीत वाढलो. दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला, उजवा पाय मांडीपासून लुळा. शाळेत गुडघ्यावर हात दाबत चालायचो. पोहायला मामानं शिकवलं, गंगेवर म्हणजे आमच्या गोदावरीवर, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. दुतोंड्या मारुतीच्या अलीकडे पायरीवर कॅलिपर काढून ठेवायचो आणि मामा त्यावर टॉवेल टाकायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून. तो टॉवेल मला पुढे बराच महाग पडला, ते सांगतोच. पुढे महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धा पोहलो, पदकं मिळाली. भारताच्या संघापर्यंत पोहोचलो नाही. आता नोकरीवर जाण्याआधी रोज दोन तास मुलांसोबत पाण्यात असतो.

पहिले तीन महिने

आधी डॉक्टरांकडून लेखी घ्या की पोहायला हरकत नाही. फिट येत असेल, हृदयाचा त्रास असेल, कानाच्या पडद्याला भोक असेल, पाठीवर किंवा पायावर जखम असेल, तर लपवू नका. फिट येणाऱ्या मुलासोबत एक मोठं माणूस पाण्यातच हवं, हात लांब केला की मूल हाताला लागेल इतक्या अंतरावर. कडेला उभं राहून लक्ष ठेवणं पुरेसं नाही.

नाशिकमध्ये त्र्यंबक रस्त्यावर महापालिकेचा स्वातंत्र्यवीर सावरकर तलाव आहे, नाशिकरोडला राजमाता जिजाऊ तलाव आहे. कोणताही तलाव निवडा, पण फी भरण्याआधी एकदा नुसतं जाऊन या. फाटकापासून पाण्यापर्यंत किती पायऱ्या, ओल्या फरशीवर कुबडी सरकते का, पाण्यात उतरायला पायऱ्या आहेत की नुसती उभी शिडी, कपडे बदलायच्या खोलीत बसायला बाक आहे का, हे बघा. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी शिडीपेक्षा कठडा बरा: कठड्यावर बसायचं, दोन्ही तळहात एका बाजूला टेकवायचे आणि अंग वळवून आत सरकायचं. कठड्यावर जुन्या योगा मॅटचा तुकडा टाका. कमरेखाली संवेदना नसेल तर खरचटलेलं कळतच नाही आणि तीच जखम पुढे दोन महिने मुलाला पाण्याबाहेर ठेवते. तळाला पाय घासणाऱ्या मुलांना मी जाड मोजे घालून उतरवतो.

तुम्हाला कुणी नको म्हणेल. मलाही एका तलावावर ऐकावं लागलं होतं, "काही झालं तर जबाबदारी कोणाची?" तेव्हा मी गुपचूप परत आलो. आता पालकांना सांगतो, भांडू नका, परतूही नका. दुपारची कमी गर्दीची वेळ मागा, डॉक्टरांचं पत्र पुढे करा आणि जीवरक्षकालाच सांगा की दहा मिनिटं याला पाण्यात बघा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा आहे, त्याच्या तिसाव्या कलमात खेळाचा विषय आहे. त्या पानाची छापील प्रत पिशवीत असू द्या. बहुतेक वेळा ती काढावी लागत नाही.

आता पाण्यातलं. हातपाय मारायला घाई करू नका. पहिल्या महिन्यात तीनच गोष्टी: तोंड पाण्यात घालून श्वास सोडणं, पाठीवर तरंगणं, आणि पालथं असताना स्वतःच्या बळावर उताणं होणं. तिसरी जमल्याशिवाय मी कुणालाही खोल पाण्याकडे नेत नाही. डबा बांधून मी शिकलो खरा, पण एका बाजूला जोर कमी असलेल्या शरीराला डबा भलत्याच बाजूला कलंडवतो. मूल तो कलच पाण्याचा स्वभाव समजतं आणि डबा सोडल्यावर घाबरतं.

आणि इथेच वही लागते. शंभर पानी साधी वही, प्लास्टिकच्या पिशवीत. रोज चार ओळी. तरंगताना कोणती बाजू आधी बुडते? सरळ जायचं म्हटलं तर कोणत्या दोरीकडे ओढला जातो? पंचवीस मीटरला हात किती पडले? किती वेळानं पाय आखडायला लागला, त्या दिवशी पाणी थंड होतं का? ज्या ताईंचं मी सुरुवातीला सांगितलं, त्यांच्या मुलाच्या वहीत दुसऱ्या आठवड्यात नोंद आहे: "उजव्या बाजूनं श्वास घेतला की डावा पाय खाली जातो. डावीकडून घेतला की जात नाही." हे मला कठड्यावरून दिसलं नव्हतं, त्या माउलीला दिसलं. त्याचं फ्रीस्टाइल आम्ही त्या एका ओळीवर बसवलं.

क्लास म्हणजे काय

पॅरा जलतरणात, म्हणजे दिव्यांगांच्या पोहण्याच्या स्पर्धांत, सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून जरा थांबून वाचा.

सिव्हिल हॉस्पिटलच्या प्रमाणपत्रावर किंवा यूडीआयडी कार्डावर (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) अपंगत्वाची टक्केवारी असते. चाळीस टक्क्यांच्या पुढे सवलती मिळतात, ते कार्ड काढाच. पण पाण्यातला क्लास, म्हणजे स्पर्धेत मूल कोणत्या गटात पोहणार ते, त्या टक्क्यांवरून ठरत नाही. साठ टक्के लिहिलेली दोन मुलं चार क्लासच्या अंतरानं पोहू शकतात. कारण क्लासमागचा प्रश्नच वेगळा आहे: या शरीराला पाण्यात पुढे जायला किती अडचण येते?

शारीरिक अपंगत्वासाठी एस १ ते एस १० असे क्लास आहेत, आकडा जितका लहान तितकी अडचण मोठी. एस ११ ते एस १३ दृष्टीसाठी, एस १४ बौद्धिक अक्षमतेसाठी. 'एस' हा फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायचा. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पायाच्या लाथेवर फार काही अवलंबून असतं, म्हणून त्याचा क्लास वेगळा, 'एसबी', आणि शारीरिक अपंगत्वात तो ९ पर्यंतच जातो. चारही प्रकार एकत्र असलेल्या मेडलेचा 'एसएम'. एकाच खेळाडूचे हे तीन आकडे वेगवेगळे असू शकतात. माझा एस ९ आणि एसबी ८.

कर्णबधिर मुलांच्या पालकांनी एक लक्षात घ्यावं: श्रवणदोषाला पॅरालिंपिकमध्ये क्लासच नाही. त्यांच्या डेफलिंपिक स्पर्धा वेगळ्या आहेत, १९२४ पासून चालत आलेल्या. त्या मुलांनी सुरुवातीपासून तिकडचा रस्ता धरावा.

क्लास ठरवताना आधी टेबलावर तपासणी होते: स्नायूंची ताकद, सांधे किती वळतात, हालचालीवर ताबा किती, हाता-पायाची लांबी. मग पाण्यात: तरंगणं, सगळे स्ट्रोक, सुरुवात, वळण. त्यानंतर प्रत्यक्ष शर्यतीत पोहताना तपासनीस बघतात. तिन्ही ठिकाणी शरीर एकच गोष्ट सांगत असलं पाहिजे. मुद्दाम कमजोर असल्याचं दाखवलं आणि ते सिद्ध झालं तर बंदी येते, आणि ती यायलाच हवी.

माझी चूक उलट्या बाजूची होती. पहिल्या तपासणीला तपासनीस म्हणाले, पाय उचला. पोलिओची मुलं लहानपणापासून कमजोर स्नायूचं काम शेजारच्या स्नायूकडून करून घ्यायला शिकलेली असतात. मी कमरेला हिसका देऊन पाय उचलला. दुसऱ्यांदा म्हणाले, तेव्हाही तसाच. पाण्यात ब्लॉकवरून, म्हणजे कडेच्या चौथऱ्यावरून, सूर मारताना डाव्या पायावर सगळा भार घेऊन मी असा काही उडालो की स्वतःवरच खूश झालो. अनोळखी माणसांसमोर लुळेपणा दाखवायची लाज वाटली. मामाचा टॉवेल तिथेही पायावर पडलेलाच होता. माझा क्लास एक आकडा वर गेला, एस १०. पुढची चार वर्षं मी माझ्यापेक्षा पुष्कळ सक्षम पायांच्या मुलांबरोबर पोहत होतो आणि सातवा-आठवा येत होतो. सराव कमी पडतोय असं समजून सराव वाढवला, खांदा दुखावला. मग एका वयस्कर प्रशिक्षकांनी माझी वळणं पाहिली आणि म्हणाले, "तू भिंतीला लाथ एकाच पायानं मारतोस, मग इथे कसा?" फेरतपासणी झाली. त्या दिवशी पाय उचलता येत नाही तर नाही, असं सांगताना माझा आवाज थरथरत होता.

म्हणून तपासणीला जाताना वही न्या. जुने रिपोर्ट, एक्स-रे, शस्त्रक्रियेची कागदपत्रं, चालू गोळ्यांची नावं न्या. मुलाला आदल्या रात्री नीट झोपू द्या. त्याला एवढंच सांगा की जे जमतं ते पूर्ण जोर लावून कर आणि जे जमत नाही ते जमत नाही म्हण. क्लाससोबत स्टेटसही लिहून मिळतं, ते वाचा. 'कन्फर्म्ड' असेल तर तो पक्का. 'रिव्ह्यू' असेल तर पुन्हा तपासणी होणार. वाढीच्या वयातल्या मुलांचा क्लास बदलू शकतो, तेव्हा एका आकड्यावर सगळी स्वप्नं टांगू नका.

क्लास कळला की शर्यती निवडा. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक क्लासला प्रत्येक शर्यत नसते. बटरफ्लाय एस ५ ते एस ७ साठी पन्नास मीटर, त्याच्या वरच्यांना शंभर. बॅकस्ट्रोकचंही तसंच, एस ५ पर्यंत पन्नास, पुढे शंभर. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या सुयश जाधवनं २०१८च्या जकार्ता आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते एस ७ च्या पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये. शाळकरी वयात विजेच्या धक्क्यानं दोन्ही हात गमावलेला मुलगा तो, २०२० साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. तुमच्या मुलाला पन्नास मीटर बॅकस्ट्रोक छान येत असेल पण क्लास एस ८ असेल, तर शंभराची तयारी आजपासून करा.

रोजचा सराव

पहिलं वर्ष आठवड्याला तीन दिवस, पाऊण तास. दुसऱ्या वर्षी पाच दिवस. दीड-दोन हजार मीटर नीट पोहता आलं तर पहिल्या दोन वर्षांसाठी ते भरपूर आहे. आकडा वाढवण्यापेक्षा प्रत्येक पन्नास मीटरला हात किती पडतात ते मोजा आणि तेच अंतर एक हात कमी करून कापता येतं का बघा.

खांदे जपा, हे मी हात जोडून सांगतो. इतर जलतरणपटू पाण्याबाहेर आले की त्यांच्या खांद्यांना विश्रांती मिळते. कुबड्या किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्याचे खांदे पाण्याबाहेर पाय होतात. माझा उजवा खांदा गेला तो पाण्यात कमी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या जिन्यात जास्त. ज्या दिवशी खूप चालणं झालं असेल, त्या दिवशी सराव अर्धा करा आणि वहीत कारण लिहा. घरी खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधून खांदा मागे ओढायचे व्यायाम आठवड्याला तीनदा. सायकलवाला ट्यूब फुकट देतो.

नाशिकची थंडी हा वेगळाच विषय. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला उघड्या तलावाचं पाणी अंगाला सुयांसारखं लागतं. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालीवर ताबा कमी असलेल्या, मुलांचे स्नायू थंडीनं आखडतात आणि तीन महिन्यांची कमाई पंधरा दिवसांत गेल्यासारखी वाटते. त्या दोन महिन्यांत मी त्यांना ऊन वर आल्यावर, दहानंतर बोलावतो. आधी कठड्यावर दहा मिनिटं हातपाय हलवायचे, पाण्यात वीस मिनिटं, बाहेर येताच कोरडं करून स्वेटर-कानटोपी. शाळेमुळे दहा वाजता येता येत नसेल तर जानेवारी कोरडा काढा, ट्यूबवर आणि सतरंजीवर. काही बिघडत नाही. मार्चपर्यंत मूल पुन्हा जागेवर येतं.

एका बाजूनं अधू असलेली मुलं लेनमध्ये तिरकी जातात. त्यांना "सरळ जा" असं ओरडून उपयोग नाही. ज्या हातात जोर आहे तो किंचित बाहेरून आत टाकायला लावा, डोकं स्थिर ठेवायला शिकवा आणि बॅकस्ट्रोकला वर बघण्यासारखी एक खूण द्या: छताची कड, झाडाचा शेंडा, दिव्याचा खांब. सुरुवात ब्लॉकवरूनच करायला हवी असं नाही. बसून करता येते, पाण्यातूनही करता येते. कृत्रिम पाय मात्र शर्यतीत पाण्याबाहेर ठेवावा लागतो.

दृष्टिहीन मुलांसाठी भिंत आली हे सांगणारा माणूस लागतो, टॅपर म्हणतात त्याला. लांब काठीच्या टोकाला मऊ गोळा, आणि वळणाआधी डोक्याला किंवा पाठीला हलकी थाप. आम्ही बांबूला स्पंज आणि त्यावर कापड बांधतो. थाप नेहमी त्याच अंतरावर पडली पाहिजे, त्यामुळे टॅपर सारखा बदलू नका. एस ११ मध्ये सगळ्यांना काळा केलेला गॉगल लागतो, म्हणजे थोडा उजेड दिसणारा आणि मुळीच न दिसणारा यांच्यात फरक राहत नाही. नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिकोतल्या जागतिक स्पर्धेत दोनशे मीटर मेडलेचं सुवर्ण याच क्लासमध्ये जिंकलं. माझ्या बॅचमधल्या एका दृष्टिहीन मुलीला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "त्यांना भिंत लागली होती का कधी डोक्याला?" दृष्टिहीन जलतरणपटूला भिंत लागतेच. म्हणून हात मोजायचे. पंचवीस मीटरला एकवीस हात पडत असतील तर एकोणिसाव्याला सावध.

स्पर्धा, कागद आणि पैसे

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आणि राज्याची पॅरा जलतरण संघटना, या दोन्हींकडे नाव नोंदवा. राज्य निवड चाचणी, मग राष्ट्रीय स्पर्धा, आणि तिथली वेळ चांगली असेल तर भारतीय पॅरालिंपिक समितीमार्फत पुढचं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला वर्ल्ड पॅरा स्विमिंग या जागतिक संघटनेचं लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय तपासनीसांनी दिलेला क्लास लागतो. देशातला क्लास तिथे चालेलच असं नाही. पात्रतेसाठी वेळही मान्यताप्राप्त स्पर्धेतली हवी, तुमच्या तलावावर मी स्टॉपवॉचनं घेतलेली नव्हे. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया स्पर्धांच्या भरवशावर थांबू नका. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीत पहिल्या खेलो इंडिया पॅरा स्पर्धा झाल्या तेव्हा त्यातल्या सात खेळांत जलतरण नव्हतं.

औषधांबद्दल: मूल राज्य पातळीला गेलं की प्रत्येक गोळी डॉक्टरांना खेळाडू म्हणून दाखवा. लघवी होण्याच्या साध्या गोळ्याही उत्तेजकविरोधी नियमांत बंदी असलेल्या यादीत आहेत. गरजेचं औषध बंद करू नका, त्याची रीतसर परवानगी आधी काढता येते.

खर्च तुम्हाला वाटतो त्यापेक्षा प्रवासावर जास्त होतो, कारण सोबतीच्या माणसाचाही तेवढाच होतो. पोहण्याच्या पोशाखावर पहिली तीन वर्षं पैसे घालू नका. गॉगल चांगला घ्या, दोन घ्या.

नोकरीचं त्या ताईंनी विचारलं होतं. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि दिव्यांगांचं आरक्षण त्याहून वेगळं. खेळाडू आरक्षणासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. तिथे मुलं अडकतात. पदक असतं, निकालपत्रक नसतं. किंवा प्रमाणपत्रावरच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नाही. प्रत्येक स्पर्धेहून निघण्याआधी प्रमाणपत्रावरचं नाव, क्लास, शर्यत आणि क्रमांक वाचा, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, निकालपत्रकाची प्रत मागा. घरी आल्यावर स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवा.

कागदांचं हे काम मी इतकं लावून का धरतो ते सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली शेहेचाळीस वर्षं मोजा. कौतुक उशिरा येऊ शकतं, अर्जाची तारीख मात्र थांबत नाही. दहावी, बारावी, पदवी सोडू नका. परीक्षेच्या दोन महिन्यांत सराव आठवड्याला दोन दिवसांवर आणला तरी चालतो, मी स्वतः तसंच केलं आणि त्या शिक्षणावर मिळालेल्या नोकरीमुळेच पुढची नऊ वर्षं पोहू शकलो.

पहिल्या दिवशी येताना

दोन तास आधी खाऊन या, भरल्या पोटी नको. नखं कापा, केसांना तेल नको. टोपी, गॉगल, मोठा टॉवेल, जाड मोजे, पाण्याची बाटली, डॉक्टरांचं पत्र, वही आणि पेन्सिल; पेनाची शाई ओल्या हाताला पसरते. मुलाला शू करवून आणा. आईवडिलांपैकी एकानं पोहायचे कपडे घालून यावं, पहिले आठ दिवस तुम्हीही पाण्यात.

कॅलिपर, कृत्रिम पाय, कुबड्या ठेवायला भिंतीकडेला बाक आहे. उन्हात ठेवू नका, चामडी पट्टे तडकतात. वर काही झाकू नका. टॉवेल पोराला गुंडाळायला लागेल.